लिनक्स लॅपटॉप आणि वायफाय: गाडी नेमकी कुठे अडली?

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याचा फोन आला. "मामा, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं. आवाज येतो, टचपॅड चालतो, सगळं झकास. फक्त वायफाय चालत नाही."

"म्हणजे नक्की काय होतं? वायफायचं चिन्हच दिसत नाही? चिन्ह आहे पण नेटवर्कं दिसत नाहीत? की नेटवर्क दिसतं पण जोडलं जात नाही?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "यात फरक असतो का?"

असतो, आणि बहुतेक डोकेदुखी हा फरक न केल्यामुळेच होते. आपण सगळे प्रकार 'वायफाय चालत नाही' या एका वाक्यात कोंबतो, ते वाक्य गूगलमध्ये टाकतो आणि दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी भलत्याच कार्डासाठी लिहिलेल्या पाच आज्ञा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, चिकटवतो. कधी त्यातली एखादी लागू पडते. उरलेल्या चार आज्ञांनी काय करून ठेवलं ते पुढच्या अपडेटला कळतं.

लॅपटॉप वायफायला जोडला जातो तेव्हा पाच-सहा जण एकामागोमाग एक आपापलं काम करत असतात. कार्ड, त्याचा ड्रायव्हर, फर्मवेअर, रेडिओचा चालू-बंद खटका, पासवर्डाचा व्यवहार बघणारा, पत्ता मिळवणारा. कोण अडलंय ते शोधायचं, आणि फक्त त्याच्याशीच बोलायचं. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. टंकताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या.)

पहिला प्रश्न: लॅपटॉपला कार्ड दिसतंय का? टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय', मग जागा सोडून 'हायफन एनएनके' असं टंकलं की आतल्या सगळ्या भागांची यादी येते. त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' ही ओळ शोधायची. तिच्या शेवटी चौकटी कंसात आठ अक्षरं असतात, चार-चारच्या दोन गटांत, मधे अपूर्णविराम. पहिली चार कंपनीची, पुढची चार त्या मॉडेलची. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अ‍ॅथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. ही आठ अक्षरं कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉपवर कुणाचंही नाव असो, आतल्या कार्डाची खरी ओळख हीच, आणि मदत शोधतानाही हीच टंकायची. लॅपटॉपचं मॉडेल टंकून फारसं हाती लागत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळी कार्डं बसवतात.

ओळच नसेल तर कार्ड बायॉसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, बंद केलेलं असेल किंवा सॉकेटमधून सैल झालं असेल. तिथे सॉफ्टवेअरशी झगडण्यात अर्थ नाही, स्क्रूड्रायव्हर काढा.

ओळ असेल तर तिच्याच खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' असं लिहिलेलं दिसायला हवं. भाच्याच्या पडद्यावर ती ओळ नव्हती. म्हणजे कार्ड होतं, पण त्याच्याशी बोलणारं कुणी नव्हतं.

इथे ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांतला फरक समजून घ्यायला हवा, कारण निम्मी मंडळी इथेच घसरतात. वायफाय कार्ड हा स्वतःच एक छोटा संगणक असतो. त्याला प्रोसेसर आहे, मेमरी आहे. पण बऱ्याच कार्डांमध्ये स्वतःचा प्रोग्राम कायमचा साठवलेला नसतो. रोज सकाळी सगळं विसरून उठणाऱ्या कामगारासारखं ते असतं. ड्रायव्हर हा मुकादम, आणि फर्मवेअर ही कामाची वही. लॅपटॉप सुरू झाला की मुकादम ती वही कार्डाच्या हातात देतो, ते ती वाचतं आणि मग कामाला लागतं. मुकादम लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, राहतो. वही मात्र कार्ड बनवणाऱ्या कंपनीची असते. ती फुकट वाटायला कंपनीची परवानगी लागते, आणि आत काय लिहिलंय ते सहसा कुणालाही वाचू दिलं जात नाही.

या वहीवरून लिनक्सच्या जगात वर्षानुवर्षं वाद झाले. मिंटसारखाच लिनक्सचा एक अवतार असलेल्या डेबियनचा बाणा असा, की ज्याचा स्रोत उघडा नाही ते आमच्या अधिकृत सीडीत नाही. तत्त्व म्हणून मला ते पटायचं. पण फर्मवेअर डाउनलोड करायला वायफाय हवं आणि वायफाय चालायला फर्मवेअर हवं, हा 'आधी लगीन की आधी अंगठी' प्रकार होऊन बसायचा. शेवटी २०२२ मध्ये डेबियनच्या विकासकांनी मतदान करून ठरवलं की हे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवायचं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते तसं मिळतं. उशीर झाला, पण झालं ते बरं झालं.

त्याआधीचा काळ आठवला की हसू येतं. कार्डासाठी लिनक्सचा ड्रायव्हरच नसायचा, म्हणून 'एनडिसरॅपर' नावाचं एक साधन वापरून चक्क विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सच्या आत चालवला जायचा. ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांसाठी तर विंडोजच्या ड्रायव्हरमधून फर्मवेअर कापून काढणारं एक वेगळंच अवजार होतं, त्याच्या नावातच 'कटर' हा शब्द आहे. जुलै २००७ मध्ये आलेल्या २.६.२२ या कर्नलपासून वायफाय ड्रायव्हरांसाठी एक सामाईक पाया तयार झाला. तोवर जो तो ड्रायव्हर आपापली चूल मांडून बसलेला असायचा. त्यानंतर परिस्थिती झपाट्याने सुधारली. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही आपल्या काही कार्डांसाठी खुला ड्रायव्हर दिला. आज इंटेल, मीडियाटेक आणि नव्या क्वालकॉम कार्डांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. त्रास देतात ती दोन टोकं. एक तर फार जुनी कार्डं, किंवा बाजारात काल-परवा आलेली, ज्यांच्यापर्यंत तुमचा कर्नल अजून पोचलेला नाही.

वही हरवली आहे की मुकादमच नाही, हे कसं ओळखायचं? 'सुडो डीएमईएसजी' ही आज्ञा ('सुडो' म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) कर्नलची दैनंदिनी दाखवते. त्यात 'फर्मवेअर' शब्द शोधा. 'फेल्ड विथ एरर उणे २' असं दिसलं तर ते उणे २ म्हणजे निव्वळ 'फाइल सापडली नाही'. मुकादम हजर आहे, वही जागेवर नाही. पण लगेच घाबरू नका. इंटेलचा ड्रायव्हर सर्वांत नव्या आवृत्तीपासून मागे मागे येत वही शोधतो, त्यामुळे दोन-तीन वेळा 'नाही सापडली' म्हणून मग एक मिळते. शेवटी 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' अशी ओळ असेल तर वरच्या तक्रारींकडे दुर्लक्ष करायचं. या निरुपद्रवी ओळी पाहून लोकांनी चालू असलेली यंत्रणा उखडलेली मी पाहिली आहे.

आता मुख्य अडचण. ड्रायव्हर किंवा फर्मवेअर आणायला इंटरनेट हवं, आणि तेच तर नाही. उपाय तुमच्या खिशात आहे. फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला लावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. लिनक्सला तो फोन साध्या वायरच्या नेटवर्कसारखा दिसतो आणि बहुतेक वेळा काहीही न करता इंटरनेट सुरू होतं. केबल मात्र डेटा वाहणारी हवी. फक्त चार्जिंगपुरत्या केबली बाजारात भरपूर असतात आणि दिसायला त्या हुबेहूब तशाच असतात.

जुना लॅपटॉप असेल तर इथेच घड्याळही बघून घ्या. आतली छोटी बॅटरी मेली असेल तर तारीख कितीतरी वर्षं मागे गेलेली असते. अशा वेळी सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत, पॅकेजची यादीही 'ही फाइल अजून वैध नाही' म्हणून नाकारली जाते, आणि बिचाऱ्या वायफायवर आळ येतो.

भाच्याने फोन जोडला, मिंटचा 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडला. त्याने कार्ड ओळखून एक ड्रायव्हर सुचवला. टिचकी मारली, इन्स्टॉल झालं, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. तरीही चिन्ह नाही.

"मधे एखादा निळा पडदा आला होता का?"

"आला होता. काहीतरी इंग्रजीत विचारत होता. मी थांबलो नाही, तो आपोआप गेला."

तो पडदा महत्त्वाचा होता. अलीकडच्या लॅपटॉपांत 'सिक्युअर बूट' असतं. कर्नलमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरवर ओळखीची सही आहे का, ते तपासलं जातं. कर्नलसोबत येणाऱ्या ड्रायव्हरांवर ती असते. पण त्याच्या कार्डाला लागणारा ड्रायव्हर कर्नलबाहेरचा होता. असे ड्रायव्हर लॅपटॉपवरच तयार केले जातात आणि त्यांच्यावर सही होते ती तुमच्या लॅपटॉपवरच बनवलेल्या किल्लीने. ती किल्ली विश्वासाची आहे, हे लॅपटॉपसमोर बसलेल्या माणसाने एकदा कबूल करावं लागतं. निळा पडदा तेच विचारतो. 'एनरोल एमओके' निवडायचं, इन्स्टॉल करताना ठरवलेला पासवर्ड टाकायचा. काही सेकंदांत काही केलं नाही तर तो निमूट निघून जातो आणि ड्रायव्हरला दारातच अडवलं जातं. भाच्याने पुन्हा इन्स्टॉल केलं, या वेळी पडद्यावर थांबला, आणि चिन्ह आलं.

अशा बाहेरच्या ड्रायव्हरांची एक खोड आयुष्यभर पुरते. कर्नलचं अपडेट आलं की ते नव्या कर्नलसाठी पुन्हा तयार करावे लागतात. 'डीकेएमएस' ही व्यवस्था ते काम आपोआप करते, पण कधीकधी नवा कर्नल जुन्या ड्रायव्हरला मानवत नाही. अपडेटनंतर अचानक वायफाय गायब झालं तर लॅपटॉप सुरू होतानाच्या ग्रब मेनूतून आधीचा कर्नल निवडून पाहा. त्यावर वायफाय आलं तर कारण कळलं.

चिन्ह आहे, पण 'वायफाय बंद आहे' असं दिसतंय? मग खटका बघा. 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा दोन ओळी सांगते, सॉफ्ट ब्लॉक आणि हार्ड ब्लॉक. सॉफ्ट म्हणजे सॉफ्टवेअरने बंद केलेलं, ते 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' म्हटलं की सुटतं. हार्ड म्हणजे लॅपटॉपवरचं खरंखुरं बटण किंवा सरकता खटका, आणि त्यापुढे कुठल्याही आज्ञेचं काही चालत नाही. मी स्वतः एकदा सबंध संध्याकाळ ड्रायव्हर काढण्या-घालण्यात घालवली होती. मुलीने पुढच्या कडेवरचा इवलासा खटका बोटाने सरकवला आणि विचारलं, "बाबा, हे कशासाठी असतं?" त्या दिवसापासून मी आधी आरएफकिल बघतो.

विंडोज आणि लिनक्स एकत्र नांदत असतील तर आणखी एक शक्यता. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' लॅपटॉपला पूर्ण बंद न करता अर्धवट झोपवतं. मग काही कार्डं लिनक्समध्ये जागीच होत नाहीत. विंडोजमध्ये जाऊन ती सोय बंद करायची, एवढंच.

आता नेटवर्कं दिसू लागली. बऱ्याच जणांची पुढची तक्रार असते, "फोनवर आमच्या राउटरची दोन नावं दिसतात, लॅपटॉपवर एकच." त्यातल्या एका नावाला '५जी' लिहिलेलं असतं. त्याचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही, ते ५ गिगाहर्ट्झ आहे. स्वस्त लॅपटॉपांमधल्या अनेक कार्डांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकू येतं. विंडोजवरही ते नाव दिसलं नसतं, इथे लिनक्स निर्दोष आहे.

एक दुर्मीळ प्रकार सांगतो, कारण तो सापडेपर्यंत माणूस वेडा होतो. कोणत्या देशात कुठली वाहिनी (चॅनल) वापरायची याचे नियम वेगळे असतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये भारतात १ ते १३ वाहिन्या चालतात, अमेरिकेत साधारण ११ पर्यंतच. मुलाने अमेरिकेहून आणून दिलेला लॅपटॉप अजून स्वतःला तिथलाच समजत असेल आणि घरचा राउटर १३ व्या वाहिनीवर गेला असेल, तर शेजाऱ्यांची सगळी नेटवर्कं दिसतील, फक्त आपलं नाही! 'आयडब्ल्यू रेग गेट' या आज्ञेत देश दिसतो. पण कार्डातच देश कोरलेला असेल तर लिनक्स त्याची बंधनं सैल करत नाही. अशा वेळी सोपा मार्ग म्हणजे राउटरची वाहिनी हाताने १, ६ किंवा ११ वर आणणं.

मग येतो पासवर्ड. हा व्यवहार जो प्रोग्राम सांभाळतो त्याचं नाव 'डब्ल्यूपीए सप्लिकंट', म्हणजे शब्दशः अर्जदार. त्याच्यावर देखरेख करतो नेटवर्कमॅनेजर. आपण चिन्हावर टिचकी मारतो ती त्याची खिडकी. चिन्ह नसलेल्या हलक्या डेस्कटॉपवर 'एनएमटीयूआय' टंकलं तर टर्मिनलमध्येच साधा मेनू येतो. नवख्यांना मी तोच सुचवतो.

गंमत अशी की तुमचा पासवर्ड हवेतून जातच नाही. डब्ल्यूपीए२ या सुरक्षा पद्धतीत लॅपटॉप पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेऊन ४,०९६ वेळा घुसळतो आणि २५६ बिटांची किल्ली काढतो. राउटरने आपल्याकडे तीच किल्ली काढलेली असते. मग राउटर एक यादृच्छिक आकडा पाठवतो. लॅपटॉप आपला आकडा पाठवतो आणि त्या पत्रावर किल्लीपासून बनवलेला शिक्का मारतो. राउटरच्या हिशेबाशी शिक्का जुळला तर बोलणं पुढे सरकतं. नाही जुळला तर राउटर ते पत्र टाकून देतो. 'पासवर्ड चुकला' असं तो कधीच म्हणत नाही, नुसता गप्प बसतो. म्हणून लॅपटॉपच्या नोंदीतही 'किल्ली चुकीची असू शकते' असंच मोघम वाक्य असतं. सिग्नल कच्चा असला तरी हीच पत्रापत्री अर्ध्यात तुटते आणि बरोबर पासवर्ड देऊनही खिडकी पुन्हा पुन्हा पासवर्ड मागते. तेव्हा आधी लॅपटॉप राउटरजवळ नेऊन बघा. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी केलेल्या पासवर्डाला शेवटी एखादी रिकामी जागा चिकटलेली असते, ती डोळ्यांना दिसत नाही पण शिक्का बिघडवते.

राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर ठेवलेला असेल तर जुनी कार्डं अडतात. राउटरमध्ये दोन्ही चालतील असा मिश्र पर्याय असतो, तो निवडावा.

जोडणी झाली की नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता. तो राउटर देतो. नेटवर्कमॅनेजर साधारण ४५ सेकंद वाट बघतो आणि मिळाला नाही तर जोडणी सोडून देतो. चिन्ह गरगरत राहून मग विझतं, ते यामुळे. पत्ता मिळाला, तरी पानं उघडत नाहीत? 'पिंग' करून ८.८.८.८ ला (हा गूगलचा एक पत्ता) हाक मारा. उत्तर येत असेल पण नावाने हाक मारल्यावर येत नसेल, तर रस्ता ठीक आहे, फक्त नावांची डिरेक्टरी, म्हणजे डीएनएस, बिघडली आहे. रेल्वे स्थानक, हॉटेल, हॉस्टेल अशा ठिकाणी आधी एक लॉगिनचं पान उघडावं लागतं. ते आपोआप आलं नाही तर एचटीटीपीचा, म्हणजे कुलपाच्या चिन्हाशिवायचा एखादा पत्ता उघडा. राउटरला मधेच अडवून आपलं पान दाखवता येतं ते अशाच पत्त्यावर.

जोडलेलं वायफाय दर थोड्या वेळाने मंदावतं किंवा तुटतं, ही तक्रार मात्र खरोखर लिनक्सशी संबंधित असू शकते. बॅटरी वाचवायला कार्ड मधून मधून डुलक्या काढतं आणि काही कार्डं वेळेवर उठत नाहीत. 'सुडो आयडब्ल्यू डेव्ह', मग कार्डाचं नाव, मग 'सेट पॉवर_सेव्ह ऑफ' करून तासभर पाहा. फरक पडला तरच नेटवर्कमॅनेजरच्या फाइलमध्ये 'वायफाय डॉट पॉवरसेव्ह' समोरचा ३ बदलून २ करा. कार्डाचं नाव डब्ल्यूएलपी३एस० असं काहीतरी विचित्र दिसेल. त्यात गूढ काही नाही: वायरलेस, ३ क्रमांकाची बस (आतले भाग जोडणारी वाट), शून्य क्रमांकाचा स्लॉट.

एवढं करूनही कार्ड वठणीवर येत नसेल तर मी माणसाला दोन दिवसांपेक्षा जास्त झगडू देत नाही. कार्ड बदलावं. बहुतेक लॅपटॉपांत ते एका स्क्रूवर बसलेलं असतं. दोन गोष्टी तपासा. काही जुन्या लॅपटॉपांचं बायॉस ठरावीक कार्डांशिवाय दुसरं स्वीकारत नाही. आणि इंटेलचं एएक्स२०१ हे ठरावीक इंटेल प्रोसेसरांसोबतच चालतं, एएक्स२०० किंवा एएक्स२१० ला ती अट नाही. यूएसबीचा डोंगल घ्यायचा तर खोक्यावरच्या 'लिनक्स सपोर्ट' या शब्दांवर जाऊ नका, आतली चिप विचारा. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची. नाव तेच, आतला प्राणी वेगळा. काही डोंगल तर लावल्याबरोबर स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर असतो. ती खोटी सीडी 'इजेक्ट' केली की ते वायफाय होतात.

भाचा सुट्टी संपवून हॉस्टेलवर गेला. आठवड्याने फोन. "मामा, इथे नेटवर्क दिसतं, जोडलंही जातं, पत्ताही मिळतो. पण लॉगिनचं पान म्हणतं, तुमचं यंत्र नोंदवलेलं नाही. मी तर कालच नोंदवलंय."

"मिंटच आहे ना अजून?"

"नाही, मित्राने फेडोरा टाकून दिलं."

फेडोरा या लिनक्सच्या आणखी एका अवतारात ४० व्या आवृत्तीपासून प्रत्येक नेटवर्कला कार्डाचा खरा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) न सांगता एक बनावट पत्ता सांगितला जातो, खाजगीपणासाठी. त्याने नोंदवलेला पत्ता मिंटवरून वाचलेला, म्हणजे खरा होता. जोडणीच्या सेटिंगमध्ये 'क्लोन्ड अ‍ॅड्रेस' समोर 'परमनंट' निवडायला सांगितलं, आणि या वेळी फोन दोन मिनिटांत संपला.